‘समवर्ती’ म्हणजे समान का?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भांडुपच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘पर्यावरण हा समवर्ती सूचीतला विषय आहे, असं क्लासमध्ये शिकवलं. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांना समान अधिकार, असंच ना? मग सरळ सामायिक सूची का म्हणत नाहीत?’

कोणत्या विषयावर कोणी कायदा करायचा, हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या तीन सूची सांगतात: केंद्रासाठी संघ सूची, राज्यांसाठी राज्य सूची आणि दोघांसाठी समवर्ती सूची. पण समान अधिकार, असा अर्थ होत नाही. शिवाय क्लासमधल्या त्या वाक्यातच एक चूक आहे. पण आधी शब्द बघू.

‘समवर्ती’तला ‘वर्ती’ संस्कृतच्या ‘वृत्’ धातूपासून आला. ‘वृत्’ म्हणजे असणं, वावरणं, वागणं. वर्तन, वर्तमान, कालव्याच्या पाण्याचं आवर्तन, सगळे याच घरचे. मध्यवर्ती म्हणजे मधे असलेला, सीमावर्ती म्हणजे सीमेलगतचा. समवर्ती हा शब्द जुना आहे. अमरकोशात तो चक्क यमाचं नाव म्हणून येतो. राव असो की रंक, यम सगळ्यांशी सारखाच वागतो, म्हणून तो समवर्ती. तिथे ‘सम’ म्हणजे सारखा, यात शंका नाही.

संविधानात मात्र हा शब्द ‘कॉन्करंट’साठी आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘बरोबर धावणं’ आहे. आता आपल्या ‘बरोबर’कडेच बघा. ‘माझ्याबरोबर बाजारात चल’ यात सोबत आहे. ‘तो माझ्या बरोबरीचा’ यात समानता आहे. समवर्ती सूचीतलं ‘बरोबर’ पहिल्या वाक्यातलं, सोबतीचं. आपण ते दुसऱ्या वाक्यातलं समजतो आणि फसतो.

कायदा करायला दोघेही मोकळे आहेत. पण दोन कायद्यांचं एकमेकांशी पटेनासं झालं, तर अनुच्छेद 254 सांगतो की संसदेचा कायदा वरचढ, आणि राज्याचा कायदा विरोध असेल तेवढ्यापुरता निरर्थक. राष्ट्रपतींची अनुमती मिळाली तर राज्याचा कायदा त्या राज्यात टिकतो. तरीही संसद पुढे त्यावर कायदा करू शकतेच.

म्हणूनच ‘सामायिक’ हा शब्द मला इथे पटत नाही. सामायिक विहीर, सामायिक भिंत, सातबाऱ्यावरचं सामायिक खातं यांत हिस्सा असतो, पाळी असते. थोरल्याने मोट धरली म्हणून धाकट्याचा हक्क संपत नाही. समवर्ती सूचीत हिस्से नाहीत आणि पाळीही नाही.

सोबतीने चालणं प्रत्यक्षात कसं दिसतं, ते दादरच्या भाजी मंडईत कळतं. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, ती राज्याच्या स्वतःच्या 2006 च्या कायद्याखाली. केंद्राने 1 जुलै 2022 पासून स्ट्रॉ, काटे-चमचे अशा एकदाच वापरायच्या वस्तू बंद केल्या, त्या 1986 च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली. पिशव्यांबाबत केंद्राचा रोख जाडीवर राहिला: आधी 75, मग 120 मायक्रॉन. कोथिंबिरीची जुडी पातळ पिशवीत घालून देणारा विक्रेता एका वेळी दोन सरकारांचे नियम मोडत असतो. आणि गिऱ्हाईकाने घरून आणलेली कापडी पिशवी पुढे केली, की दोन्ही नियम एकदमच पाळले जातात. राज्य इथे चार वर्षं आधी चाललं, जास्त कडक चाललं, तरी भांडण झालं नाही.

आता ती चूक. ‘पर्यावरण’ नावाची नोंद सातव्या अनुसूचीत कुठेच नाही! तिन्ही सूची पालथ्या घाला, सापडणार नाही. वनं आणि वन्य प्राणी-पक्षी समवर्ती सूचीत आहेत, तेही 42 व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे 1976 मध्ये. त्याआधी ते राज्यांकडे होते. पाणी आणि सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत. आंतरराज्य नद्यांचं नियमन संघ सूचीत.

पाणी राज्याकडे असल्यामुळेच जलप्रदूषणाचा 1974 चा कायदा संसदेला स्वतःहून सगळीकडे लावता आला नाही. अनुच्छेद 252 खाली राज्यांनी ठराव करून तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1969 चा होता, प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 पासून होतं. केंद्राचा कायदा आपण स्वीकारला 1981 मध्ये. हवेचा 1981 चा आणि पर्यावरणाचा 1986 चा कायदा मात्र संसदेने अनुच्छेद 253 च्या बळावर केला, कारण 1972 च्या स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषदेतले निर्णय अमलात आणायचे होते. आंतरराष्ट्रीय वचन पाळायचं असेल तर राज्य सूचीतल्या विषयावरही संसद कायदा करू शकते. ऑस्ट्रेलियातही असंच घडलं: तिथल्या घटनेत पर्यावरणाचा उल्लेख नाही, आणि 1983 मध्ये टास्मानियातलं धरण केंद्राने परराष्ट्र व्यवहाराच्या अधिकारातून थांबवलं.

जर्मन लोक ‘समवर्ती’साठी जो शब्द वापरतात, त्याचा रोजच्या भाषेतला अर्थ ‘स्पर्धा करणारा’ असा आहे. तिथे 2006 पासून निसर्गसंरक्षण आणि पाणी या विषयांत राज्यांना केंद्राहून वेगळा कायदा करता येतो, आणि जो कायदा नंतरचा तो लागू. शर्यतच ती. आपल्याकडे नुसतं नंतर येऊन राज्य जिंकत नाही, त्यामुळे तो शब्द आपल्याला चालला नसता.

तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘समवर्ती’ असंच लिहा, पण ‘समान’ लिहू नका. आणि ‘पर्यावरण समवर्ती सूचीत’ असं एका दमात न लिहिता वनं कुठे, पाणी कुठे, ते नाव घेऊन लिहा.