डिसर्नमेंट: विवेक, आत्मपरीक्षण की पारख?

प्रश्न असा आहे: ईस्टरच्या काळातल्या बायबल-अभ्यासासाठी मराठी टिपणं करताना 'स्पिरिच्युअल डिसर्नमेंट'ला (म्हणजे देव आपल्याला कुठे बोलावतो आहे, हे ओळखण्याला) कुणी 'सदसद्विवेक' सुचवला, कुणी 'आत्मपरीक्षण', कुणी 'पारख'. यातलं काय घ्यावं? आणि 'ईस्टरची आशा' हा प्रयोग मराठीत बसतो का?

माझं मत 'पारख'ला. 'सदसद्विवेक' म्हटलं की एका बाजूला सत् आणि दुसऱ्या बाजूला असत् उभं राहतं, मग निवड ठरल्यातच जमा. माणूस खरा अडतो तो दोन्ही वाटा चांगल्या असतात तेव्हा. एखाद्या परिचारिकेला आखातात नोकरी मिळते आहे, त्या पगारात धाकट्या भावंडांची शिक्षणं होतील. इकडे आई थकली आहे. यात पाप कुठेच नाही. देव आपल्याला कुठे बोलावतो आहे, हे तिला ओळखायचं आहे. आत्मपरीक्षणही इथे पुरत नाही, कारण ते आपण काय केलं एवढंच तपासतं.

नुसत्या 'विवेक'ची गोष्ट वेगळी. त्यातला 'विच्' धातू वेगळं करण्याचा, धान्य पाखडण्याचा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात 'आत्मे ओळखण्या'साठी आलेला ग्रीक शब्द 'दियाक्रिसिस', त्याच्याही मुळाशी वेगळं करणंच आहे. व्युत्पत्ती इतकी सुंदर जुळते की हा शब्द सोडताना वाईट वाटतं. पण आजच्या वाचकाला 'विवेक'मध्ये आधी बुद्धी ऐकू येते. 'विवेकवादी' म्हणजे तर्कानं चालणारा. ख्रिस्ती परंपरेतली पारख तर्क सोडत नाही, पण मनात काय हलतं आहे याकडेही बारकाईनं पाहते.

जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचं उदाहरण घ्या. 1521 मध्ये, तो सैनिक असताना, स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवी, कधी संतांसारखं जगण्याची. रमायला दोन्ही छान. पण पहिली ओसरली की मन कोरडं पडे, दुसऱ्यांनंतर आनंद मागे राही. हा फरक त्यानं हेरला आणि पुढे त्यातूनच पारखेचे नियम लिहिले. मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यातला एक. रोजच्या जगण्यात मला याहून उपयोगी नियम माहीत नाही. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या चार आठवड्यांत मांडलेल्या प्रार्थना-पुस्तिकेतला चौथा, शेवटचा आठवडा पुनरुत्थित ख्रिस्ताचा आहे. मित्र मित्राला धीर देतो तसा तो तिथे येतो.

आता 'आशा'. मराठीत हा शब्द जरा दुबळा झाला आहे, हे मान्य. आपण कुणाला आशेला लावतो, कुणी आशाळभूतपणे बघतो, डॉक्टर आशा सोडतात. 'उमेद' घ्यावी तर ती आपल्याच बळावरची वाटते. म्हणून पेत्राच्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच आलेली 'जिवंत आशा' उचलावी. तिथे ती येशूच्या पुनरुत्थानामुळे मिळालेली आहे, त्यामुळे 'ईस्टरची जिवंत आशा' असं बिनदिक्कत लिहा.

दोन्ही शब्द एकत्र पाहायचे तर लूकच्या शुभवर्तमानाचा 24वा अध्याय उघडा. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य आशेबद्दल बोलतात ते भूतकाळात: इस्राएलाची मुक्ती करणारा हाच, अशी आम्हांला आशा होती. येशूची कबर रिकामी असल्याची बातमी त्यांनी ऐकलेली आहे, तरीही पावलं गावाकडेच चालली आहेत. पुनरुत्थित येशू वाटेत त्यांच्यासोबत चालतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. भाकर मोडताना ओळखतात, आणि मग त्यांना उमगतं की वाटेवर तो बोलत होता तेव्हाच आपलं अंतःकरण आतून पेटत होतं. रात्र झाली असली तरी ते त्याच घटकेला उठून यरुशलेमला परततात. पारख आणि आशा इथे एकाच घटनेत आहेत, म्हणून हा उतारा मला कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाचा वाटतो.

वापराबद्दल एक सूचना. 'मी पारख करते आहे' एवढंच वाक्य मराठीत अर्धवट वाटतं. कशाची, ते सांगावं लागतं. 'देवाच्या इच्छेची पारख', 'मनातल्या ओढींची पारख' असं लिहा. क्रियापद हवं तिथे 'पारखून पाहणं'. शीर्षकात 'आत्मिक पारख' चालेल. आणि ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या सणापर्यंत, 50 दिवसांचा असतो, तेव्हा घाई नाही: पहिल्या बैठकीत अम्माऊसचा उतारा वाचा, इग्नेशियसचे नियम पुढच्या बैठकींना ठेवा.