विज्ञान शिकलेलं नसताना नाशिकमधल्या हौशी खगोल गटात स्वयंसेवक होता येईल का? तिथे तारे बघायला मिळतात का?

होता येईल की. मी स्वतः कॉमर्सचा, सातपूरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमचा गट एका छोट्या वेधशाळेला हातभार लावतो. तिथे आजवर मला कुणी मार्कशीट मागितलेली नाही.

तारे मात्र, खरं सांगायचं तर, लोकांसाठी कार्यक्रम असतो त्या रात्री फारसे बघायला मिळत नाहीत. आमची आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) हाताने फिरवावी लागते, मोटर नाही. आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, आकाशाचा अर्ध्या अंशाचा तुकडा दिसत असेल, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पलेल्या रेषेजवळचा) तारा दोन मिनिटांत या कडेपासून त्या कडेला जातो. शनीसाठी मॅग्निफिकेशन वाढवलं की त्याहून लवकर. म्हणून दर दोन माणसांमागे 'एक मिनिट हं' म्हणत वाकायचं, शनी परत मध्यावर आणायचा आणि बाजूला व्हायचं. त्यात एखादा मुलगा दुर्बिणीची नळी धरून उभा राहतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. लहान मुलांसाठी स्टूल ठेवलंत, तर निम्मी भांडणं मिटतात.

२०२५च्या नोव्हेंबरात शनीची कडी जवळपास आडवी दिसत होती, ग्रहाच्या आरपार सुई घातल्यासारखी. एक काका चिडलेच, 'यूट्यूबवर तर केवढी मोठी कडी असतात!' आमच्यातल्या एकीने डब्याचं झाकण त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं, हळूहळू आडवं केलं, आणि म्हणाली, 'आता दाखवा झाकण.' काका पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. मला हे सुचलं नसतं, मी त्यांना कललेल्या आसाबद्दल भाषण दिलं असतं.

पावसाळ्यात आकाश बंद, पण काम बंद नाही. एका जुलैत मी आयपीसचा डबा नीट न लावता कपाटात ठेवला. गणपतीनंतर उघडला तर दोन भिंगांवर बुरशीची जाळी. तेव्हापासून डब्यात सिलिका जेल घालणं आणि ते वेळेवर बदलणं हे खातं माझ्याकडे आहे. (स्टोअरवाल्याला शोभणारं!)

विज्ञानाची धास्ती असेल तर मे महिन्यातल्या शून्य सावलीपासून सुरुवात करा. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली तिच्याच बुडाखाली जाते. जुलैच्या शेवटच्या आठवड्याआधी हे पुन्हा घडतं, पण तेव्हा ढगच जास्त. त्या दिवशी दुर्बीण लागत नाही, मुलांना सावरायला माणसं मात्र लागतात.

स्वतःसाठी बघायचं असेल तर अमावास्येच्या आसपास आम्ही हरसूलच्या बाजूला जातो. फेब्रुवारीत संध्याकाळी दक्षिणेकडे अगस्त्य हा तेजस्वी तारा डोंगराच्या थोडा वर असतो. नाशिकहून तो फार तर सतराएक अंश चढतो, त्यामुळे मध्ये झाड आलं की संपलं. तिथे रांग नसते, आयपीस तासभर तुमचाच.

येताना टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून आणा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोतात सगळ्यांची मेहनत वाया जाते. थंडीत कानटोपी हवीच. आणि पहिल्या दिवशी खुर्च्या उचलायला लावतील, ते मनाला लावून घेऊ नका. मी अजूनही उचलतो.