महामारीत कायरोप्रॅक्टिक (हातांनी मणक्यावर दाब देऊन करायचे उपचार) करणाऱ्यांच्या संघटनेने सदस्यांना सर्वांत आधी काय द्यावं?

दवाखाना कसा चालवायचा याची एकपानी लेखी सूचना आधी द्यावी. वर्गणीतली सवलत नंतर. कारण चुका अगदी साध्या असतात. उपचाराच्या टेबलावर जंतुनाशक फवारून लगेच पुसलं तर उपयोग नाही, बाटलीवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहायला हवा. म्हणून दोन रुग्णांच्या वेळांत तेवढं अंतर ठेवायला सांगा. रुग्ण पालथा झोपून तोंड टेकवतो ती उशी हमखास राहून जाते. रेक्झिन भेगाळलं असेल तर ते बदलणंच बरं. शिवाय ‘मणक्याच्या उपचाराने प्रतिकारशक्ती वाढते’ अशा जाहिराती थांबवायला सांगा. जागतिक कायरोप्रॅक्टिक महासंघानेच 2020 मध्ये या दाव्याला विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नसल्याचं स्पष्ट केलं होतं. मात्र दवाखाना उघडा ठेवायचा की नाही, हे सरकारी यंत्रणा ठरवतात, संघटना नाही.