रविवारच्या बैठकीआधी

चि. सौ. लिहिताना पेन जरा अडखळलं. मग लिहिलंच. कायद्यानं तू अजून सौ.च आहेस, आणि रविवारच्या बैठकीत त्या फारकतीच्या स्टॅम्पपेपरवर सही केलीस तरी सोमवारी सकाळी सौ.च म्हणून उठशील. पोराच्या मागे धावताना पुढचं पत्र वाचायला जमलं नाही तर एवढं वाचलंस तरी चालेल.

तू पाठवलेला फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. पाचशेचा स्टॅम्प, खाली नोटरीच्या शिक्क्याला सोडलेली जागा, वर ठळक अक्षरात ‘फारकतनामा’. दोन वर्षं माझ्या वकिलीच्या ऑफिसात टायपिंग केलंस, ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ तुझ्या बोटांना पाठ आहे. या कागदात लिहून देणार तू आहेस. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तू फक्त देतच गेली आहेस, हे टाइप करणाऱ्यालाही खटकलं नसेल.

हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यानं. काही समाजांत काडीमोडाची रूढी आहे आणि १९५५ च्या कायद्यानं ती राखूनही ठेवली आहे. पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी शाबित करावी लागते. मामांनी आणि चार पंचांनी माना डोलावल्या म्हणजे झालं, असं नसतं. या कागदाच्या भरवशावर तुझ्या नवऱ्यानं उद्या दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, आणि ती दुसरी मुलगी ना इकडची ना तिकडची. तिची काळजी आज तुला वाटणार नाही. मला वाटते, कारण अशी एक माझ्या टेबलासमोर बसून गेली आहे. नवऱ्याच्या पहिल्या फारकतीची झेरॉक्स तिनं लॅमिनेट करून ठेवली होती.

आता त्यातली तिसरी ओळ बघ. ‘आम्ही उभयता राजीखुशीने व परस्पर संमतीने विभक्त राहत आहोत.’ दिसायला सगळ्यांत साधी आणि तुला सगळ्यांत महागात पडणारी. पोटगीचं जे कलम आपण १२५ म्हणायचो, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. त्यातच लिहिलंय की नवरा-बायको परस्पर संमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. तू संमतीनं आलीस का? गणपतीत रात्री साडेदहाला भावानं तुला आणि पोराला पिंपळगावहून मोटरसायकलवर आणलं, पायात चपला नव्हत्या. ती रात्र या एका ओळीनं पुसली जाते. वकिलानं मुद्दाम घातली की जुन्या नमुन्यातून आपोआप आली, कोण जाणे. हे मसुदे वर्षानुवर्षं नाव-गाव बदलून फिरतात.

मीही ते फिरवलेत. सनद मिळाली त्या वर्षी सीनियरच्या ऑफिसात मी असाच कागद तयार केला आणि पंचवटीतल्या एका बाईला ‘इथं सही करा’ म्हणून बोट दाखवलं. ‘कायमची पोटगी रोख मिळाली’ असं त्यात होतं. मिळालं काहीच नव्हतं, ‘नंतर देतो’ म्हणाले होते. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा तिच्याविरुद्ध कोर्टात तोच कागद दाखवला गेला, माझ्या हाताचा. पोटगीचा हक्क असा करारानं सोडून देता येत नाही, हे उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटलंय, आणि शेवटी तिला न्याय मिळालाही. पण सही नसती तर जे काही महिन्यांत झालं असतं, त्याला चार वर्षं लागली.

पोराबद्दलची ओळ तर मला हसवून गेली. ‘मुलाचा ताबा आईकडे राहील व त्याचा खर्च लिहून देणार स्वतः करील.’ पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच असावं, असं १९५६ चा पालकत्व कायदाच म्हणतो, आणि आपलं पिल्लू साडेतीनचं आहे. म्हणजे तुझंच तुला उपकार म्हणून द्यायचं आणि बदल्यात पोराचा खर्च बुडवायचा! पोराची पोटगी पोराची असते. तू ती सोडते म्हणालीस तरी तुला सोडता येत नाही. पाच पूर्ण झाली की बाप आपोआप घेऊन जाईल, ही सासूबाईंची धमकीही पोकळ आहे. तेव्हाही कोर्ट पोराचं हितच बघतं. मात्र तो भेटायला आला तर भेटू दे. पोरगं झोपताना बाबांबद्दल विचारतं, हे तूच फोनवर सांगितलंस.

दागिन्यांची ओळ: ‘स्त्रीधन मिळाले, तक्रार नाही.’ कुठं मिळालं? पाटल्या अजून त्यांच्या कपाटात आहेत. स्त्रीधनावर मालकी बाईची, ते सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलंय. आज रात्री वहीत यादी कर. सराफ बाजारातली बिलं आईच्या ट्रंकेत असतील, लग्नाच्या अल्बममध्ये तू काय काय घातलंय ते दिसतंच. मिक्सर, गाद्या, भांडी शेवटी लिही. त्यांच्यापायी भांडत बसू नकोस.

सही नाही करायची तर करायचं काय? पोटगीचा अर्ज. तू नाशकात राहतेस तर अर्ज नाशकातच होतो, निफाडला खेटे घालायची गरज नाही. (तुझ्या भद्रकालीतल्या मैत्रिणीलाही सांग, हे कलम धर्म बघत नाही. तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही ते लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट केलंय.) सोबत अंतरिम पोटगी मागायची. नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत ती शक्यतो ठरावी, असं कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ या शब्दात आमची निम्मी वकिली जाते, तेव्हा साठ दिवस मोजत बसू नकोस. पण सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणून ‘दिवाळीनंतर निवांत बघू’ असं कोणी म्हटलं तर समज, तेवढे महिने तुझे गेले.

त्याच निकालानं दोघांनाही मिळकत आणि देण्याचं शपथपत्र सक्तीचं केलं. तो अंबडच्या कंपनीत आहे, पगाराची स्लिप लपणार नाही. शेतीचं मात्र आत्ताच सांगून ठेवते. पोटगीच्या अर्जाला उत्तर द्यायची वेळ आली की आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक द्राक्षबागेवर डाऊनी रोग पडतो आणि कांदा चाळीतच सडतो. सातबारा ऑनलाइन काढून ठेव, त्याच्या नावावर किती आणि सासऱ्यांच्या नावावर किती ते वेगळं लिही. स्वतःचं शपथपत्र मात्र स्वच्छ ठेव. आत्ता दुकानात हिशेब लिहून जे मिळतं ते सांग. कमावतेस म्हणून पोटगी बंद होत नाही, लपवलंस आणि उघडं पडलं तर मात्र बाकीचं खरंही कोणी ऐकत नाही.

हुकूम झाल्यावर पैसे थांबले तर गप्प बसायचं नाही. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, आणि ‘देतील आज ना उद्या’ करत बायका ते वर्ष घालवतात.

त्या रात्रीचा मार आणि घराबाहेर काढणं, यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात राहण्याची सोय, खर्च, संरक्षण हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. सासरच्या छळाचं फौजदारी कलम ४९८-अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं ८५, त्याचं काय करायचं ते समोरासमोर बोलू. भावाचा राग मला कळतो. पण जी नणंद जळगावला असते आणि ज्या रात्री ती तिथं नव्हतीच, तिचं नाव मी घालणार नाही. त्यासाठी तुला दुसरा वकील शोधावा लागेल.

आणि तुलाच वेगळं व्हायचं असेल तर रस्ता आहे. एक वर्ष वेगळं राहणं पूर्ण झालं की दोघांनी मिळून संमतीचा अर्ज करायचा. मधले सहा महिने योग्य कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून. हुकूम होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. म्हणून ठरलेल्या रकमेचा शेवटचा डीडी हातात पडल्याशिवाय शेवटचा जबाब द्यायचा नाही. आम्ही सगळे असंच करतो.

रविवारी बैठकीला जा, चहा घे. मामा म्हणतील, ‘घरातलं कोर्टात कशाला?’ तू म्हण, ‘कागद ठेवून जा, मला दाखवायचाय.’ वाद घालू नकोस, रडू आलं तर रड, फक्त पेन हातात घेऊ नकोस. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

सोमवारी अकराला सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयात ये. फीचा विचार करू नकोस. विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस तिथंच आवारात आहे आणि बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माझं नाव पॅनलवर आहे, आणि ते नको असेल तर १५१०० ला फोन करून तुझी तू दुसरा वकील माग, मला राग येणार नाही. आधार, लग्नपत्रिका, पोराचा जन्मदाखला आणि ती वही आण. पोराला आईकडे ठेव. आणायचंच झालं तर डबा आण, पुकारा कधी होईल सांगता येत नाही.

तुझी,
मॅडम