तेल आधी की पाणी आधी?

डिसेंबर लागला की माझ्या टपालात तेलाचाच वास येतो. वडिलांचा मिरजेत घाणा होता आणि मी स्वतः सांगलीत 25 वर्षं पार्लर चालवलं, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडंच धाडली असावीत. डॉक्टर मी नाही, हे आधीच सांगते.

काकू, माझं माहेर कराडचं, सासर जत तालुक्यात. इथं आंघोळीला बोअरचं पाणी. दोन हिवाळे झाले, पोटऱ्यांवर बारीक खवले दिसतात, नखानं ओरखडलं की पांढरी रेघ उमटते. सकाळी तेल लावून आंघोळ करते, रात्री झोपताना परत लावते. तरी दुपारपर्यंत पाय कोरडेठाक. कुठलं तेल वापरू?

पोरी, तेलाचं नंतर बघू, आधी वेळ बदल. तेलात पाण्याचा थेंब नसतो. ते कातडीला ओल देत नाही, असलेली ओल उडू देत नाही, एवढंच त्याचं काम. तू रात्री सुकलेल्या पायांना तेल लावतेस, तिथं धरून ठेवायला ओलच नाही. सकाळचं तेल साबणापासून थोडं वाचवतं, पण बरंचसं त्या साबणाबरोबरच मोरीत जातं.

आणि तुझं खरं भांडण पाण्याशी आहे. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांची साबणाशी गाठ पडली की फेसाऐवजी साका होतो. तुझ्या बादलीच्या आतल्या कडेला पांढरी चिकट रेघ बसली असेल बघ. तोच साका पोटरीवरही बसतो. फेस येईना म्हणून आपण आणखी साबण घासतो, अंगचं उरलंसुरलं तेलही जातं, आणि वर बंबाचं कढत पाणी! साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच लाव. पोटऱ्यांना रोज कशाला? पाणी कोमट घे, टॉवेलनं घासू नको, नुसतं टिपून घे. पाय ओलसर आहेत तोवर, न्हाणीघरातच, तळहातावर सात-आठ थेंब तेल घेऊन एका पायाला चोळ. साडीला डाग पडेल एवढं लावलंस तर ते जास्त झालं.

आता तेल. तुमच्याकडं शाळूच्या रानाला कडेनं करडईच्या ओळी असतात, काट्यांमुळं जनावर आत शिरू नये म्हणून. त्याच करडईचं घाण्याचं तेल आण. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल 70 टक्क्यांच्या वर असतं, आणि कातडीचं वरचं कवच धड राहायला तेच लागतं. खोबरेलही चालेल. महागाचं ऑलिव्ह तेल मात्र कुणी आणून दिलं तर कोशिंबिरीत घाल. ते कवच उलट सैल करतं.

एक मात्र बघ. खाज रात्रीच वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि नवऱ्यालाही खाजत असेल, तर ती खरूज. तिला तेल नाही, डॉक्टर लागतो, आणि औषध सगळ्या घरानं एकदम लावायचं असतं.

केस स्ट्रेट करून घेतले, आता टोकं झाडूसारखी झालीत. मैत्रीण म्हणते रात्रभर एरंडेल लाव, दाट होतात. खोबरेल बरं की एरंडेल? (विटा)

एरंडेलाचं मला विचारू नये, तरी विचारलंच आहे तर ऐका. मी एकोणीस वर्षांची, केस कमरेच्या खाली. कुणीतरी असंच सांगितलं म्हणून अर्धी वाटी एरंडेल डोक्यावर ओतलं. सकाळी सगळे केस टाळूवर गोळा करून शिकेकाईनं खसाखसा चोळले, वरून गरम पाणी. फणी घातली ती आत शिरेचना. मानेच्या वर कवठाएवढा गोळा. शेजारच्या आजी आल्या, बघितलं आणि हात जोडले. "देवीची जट हाय. कात्री लावू नगा, सौंदत्तीला यल्लम्माकडं जाऊन या." घरात सगळे गप्प. वडील घाण्यावरून जेवायला आले, त्यांनी गोळा दोन बोटांत दाबला, बोटं हुंगली आणि म्हणाले, "देवी कुठली? एरंडेल आहे." आईनं दोन दुपारी बसून खोबरेल लावत, स्वेटर विणायच्या सुईनं एकेक केस सोडवला. निम्मा सुटला, निम्मा कापला.

हसण्यावारी नेते खरी, पण आमच्या भागात अशाच गुंत्यांपायी बायकांनी वर्षानुवर्षं मानेवर ओझं वाहिलंय. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिसच्या) कार्यकर्त्यांनी घरोघरी समजूत घालून कित्येकींच्या जटा उतरवल्या.

तर एरंडेल कोपरांना लावा. केसांना खोबरेल. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, त्याचे रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. न्हायच्या आधी चार-पाच तास, दोन चमचे, भर टोकांवर. धुताना केस खालीच सोडलेले असू द्यात. बाटलीवर नारळाचं चित्र बघून भुलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. सुरुवातीलाच 'लिक्विड पॅराफिन' असेल तर ते खनिज तेल. अपाय नाही, चकाकीही येते, पण केसात शिरत नाही. आणि चिरलेली टोकं कुठलंच तेल सांधत नाही. दोन इंच कापून टाका. दाट व्हायचं म्हणाल, तर 25 वर्षांत तेलानं दाट झालेलं एकही डोकं माझ्या खुर्चीत बसलं नाही.

डोक्यात कोंडा फार. रोज तेल मुरवतो, तरी खांद्यावर पडतोच. (सातारा)

तेल बंद करा. कोंडा कोरडेपणाचा असता तर एव्हाना गेला असता. टाळूवरची एक बुरशी त्या तेलावरच पोसते. केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावा, पाच मिनिटं ठेवा, मग धुवा.

आई दिवसभर ऊसाच्या रानात असते. टाचांना भेगा, हिवाळ्यात रक्त येतं. सगळी मलमं झाली. (वाळवा तालुका)

कोकमाचं तेल मिळवा. कोकणातून येणाऱ्या माणसाला सांगा. बियांचं असतं, थंडीत पांढरट घट्ट गोळा. रात्री आईचे पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मेलेली कातडी वजरीनं हलकेच काढा, ब्लेड अजिबात नको. पाय टिपून लगेच पळीत वितळवलेलं तेल, चटका बसणार नाही इतपत कोमट, भेगेत भरा आणि सुती मोजे चढवा. पंधरा दिवस सलग.

आईला साखर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, किंवा कधी तपासलीच नसेल, तर वजरी आणि ते कोमट पाणी दोन्ही टाळा. टाच बधिर असली की भाजलेलं कळत नाही. आधी रक्त तपासा, पाय डॉक्टरांना दाखवा. आणि रानात पाणी द्यायला जाताना त्या अनवाणी जातात की कसं, तेही पुढच्या पत्रात कळवा.