परवान्याशिवाय डिझेल किती ठेवता येतं?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. जनरेटरसाठी डिझेलचे ड्रम आणि गवत कापायच्या मशीनसाठी थोडं पेट्रोल ठेवतो. परवाना लागेल का?

उत्तर : पेट्रोलियम कायदा १९३४ मालाची वर्गवारी फ्लॅश पॉइंटवरून, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्यावरून करतो. २३ अंशांखाली ‘अ’ वर्ग, म्हणजे पेट्रोल. २३ ते ६५ दरम्यान ‘ब’ वर्ग, त्यात डिझेल येतं. ‘ब’ वर्गाचा माल एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. २०० लिटरचे बारा ड्रम चालतात, तेरावा नाही. गडबड होते ती टाकीत. स्वस्तात मिळाली म्हणून १,५०० लिटरची टाकी बसवली, तर ती अर्धी रिकामी असली तरी सवलत जाते, कारण नियम भांड्याची क्षमता बघतो. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

पेट्रोल विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत सूट आहे, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. प्लॅस्टिकचा कॅन यात बसत नाही.

ड्रम काठोकाठ भरू नका. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली २० अंशांच्या फरकाने २०० लिटर डिझेल साधारण तीन लिटरने फुगतं. दहा लिटरची जागा सोडा.

मर्यादा ओलांडणार असाल तर ‘पेसो’कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, अर्ज करा. देशभराचं मुख्यालय नागपुरातच आहे.