अंडी खाणारी कोंबडी कापण्याआधी टरफल हातात घेऊन बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. ग्रामप्रिया जातीच्या सहा कोंबड्या, त्यातली एक रोज पाटीतली अंडी फोडून खाते, आता बाकीच्याही तिच्यामागोमाग धावतात, घरातले म्हणतात कापून टाका, आणि कुणीतरी खोड मोडायला तिखट भरलेलं अंडं ठेवायला सांगितलंय. आमच्याकडे रत्नागिरीला परसात हे अगदी असंच घडून गेलंय.

तिखटाचं आधी सांगते. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. पोपट हिरवी मिरची कुरतडत बसतो तो त्यामुळेच. तुमची कोंबडी ते अंडं आवडीने खाईल आणि पुन्हा मागायला येईल.

आता मुद्द्याचं. कोंबडी मुद्दाम अंडं फोडायला शिकते असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा अंडं आधी आपोआप फुटतं, ती चोच लावून बघते, बलकाची चव लागते, आणि मग सवय जडते. म्हणून गुन्हेगार कोण ते शोधण्याआधी अंडं तपासा. अंगठ्याने हलकं दाबून बघा. चांगलं टरफल दाद देत नाही, पातळ टरफल पापडासारखं कटकन तडकतं. टोकाला खरखरीत कणी लागते का, तेही बघा. रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं, की पातळ जागा फिकट ठिपक्यांसारख्या दिसतात. एखादं नुसत्या कातडीचं, लिबलिबीत अंडं मिळत असेल तर विचारायलाच नको.

आमची अंडी तशीच होती. ती कागदात गुंडाळून मी जनावरांच्या एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. कुठल्या ते लिहीत नाही. तिथल्या माणसाने अंडं हातातसुद्धा घेतलं नाही. "खोड लागली की सुटत नाही, चोच छाटा नाहीतर कापून खा," एवढंच. खाद्य कुठलं घालता, हा एक प्रश्न विचारला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. घरी सासऱ्यांनी दवाखान्याचा शब्द प्रमाण मानला आणि सगळ्यात जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या गेल्या. मग उरलेल्या कोंबड्या अंडी खायला लागल्या. सारखी अंडी देणारीच्या अंगातलं कॅल्शियम सर्वात आधी संपतं, त्यामुळे पातळ अंडं तिचंच येतं आणि सुरी तिच्यावरच फिरते. हे आठवलं की अजून संताप होतो.

खरा घोटाळा खाद्यात होता. दुकानदार "लेयरचं खाद्य", म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, म्हणून सुटं मोजून द्यायचा. एकदा हट्टाने पोतं दाखवायला लावलं, तर त्यावर ब्रॉयलर फिनिशर छापलेलं, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं शेवटच्या टप्प्यातलं खाद्य. त्याचं म्हणणं, कोंबडीखाद्य सगळं एकच. एकच कसं? लेयर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, फिनिशरमध्ये जेमतेम एक टक्का. एका अंड्याच्या टरफलाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं. कोंबडी दिवसाला 100-110 ग्रॅम खाते आणि त्यातल्या कॅल्शियमचा साधारण निम्मा भाग अंगी लागतो. म्हणजे फिनिशरवर अर्धा ग्रॅम मिळतं. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते, आणि तेही संपत आलं की टरफल पातळ होतं, पाय लुळावतात. तुम्ही शिळा भात आणि मका लिहिलंय, त्यात तर कॅल्शियम नावालाच असतं. भात बंद करा असं नाही म्हणत, पण मूठभरच, आणि लेयर खाद्याने पोट भरल्यावर. सुटं खाद्य मात्र घेऊ नका, पोत्यावरचं लेबल स्वतः वाचा.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला लागेल ती खाते. टरफल बनायला जवळजवळ 20 तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, त्यामुळे संध्याकाळी वाटी भरलेली हवी. चुरा भरड असू द्या. मोठे कण पोटात राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. आम्ही तिसऱ्यांच्या शिंपा धुऊन, उन्हात वाळवून, खलबत्त्यात कुटतो. अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून बारीक चुरलेली. टरफलाची अर्धी कवटी तशीच टाकाल तर तुम्हीच अंडं ओळखायला शिकवाल. पानाचा चुना घालू नका, तो दाहक असतो. लेयर खाद्य लहान पिल्लांनाही नको, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

हे जमेपर्यंत चोच अंड्यापर्यंत पोचू देऊ नका. पाटीत किंवा खोक्यात चार बोटं तूस किंवा पेंढा हवा, तळाला अंडं आपटता कामा नये. सहा कोंबड्यांना फूटभर लांबी-रुंदी-उंचीची दोन खोकी पुरतात. पुढे गोणपाटाचा पडदा सोडा, अंधारात अंड्याकडे लक्ष जात नाही. बहुतेक अंडी सकाळीच पडतात, तेव्हा दहा-अकरापर्यंत दोन-तीनदा उचला. सकाळी घरी कुणी नसेल तर तळ किंचित उतरता करून त्यावर जुनं प्लास्टिकचं पायपुसणं टाका आणि मागे फट ठेवा, अंडं घरंगळून बाहेरच्या कप्प्यात जातं. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वात खात्रीचा. लाकडाचं खोटं अंडंही ठेवा, टोचून टोचून कंटाळतात. चोचीला किंवा छातीच्या पिसांना वाळलेला बलक लागलेली असेल तिला थोडे दिवस डालग्याखाली वेगळी ठेवा. चोच छाटायला माझा साफ विरोध आहे. परसात किडे-मुंग्या टिपून खाणाऱ्या कोंबडीचं त्यात फार नुकसान होतं.

एक शंका मात्र दूर करून घ्या. कोंबडीच खातेय ना? ओला, चिकट पेंढा आणि टरफलाचे तुकडे दिसले तर बहुधा तीच. काहीच मागमूस नसेल तर सापाचा संशय घ्या, तो अख्खं अंडं गिळतो. कावळा आणि मुंगूस तर आमच्याकडे रोजचेच.

एप्रिल-मेमध्ये सगळं नीट करूनही टरफल थोडं पातळ येतं, कारण कोंबडी धापा टाकते आणि त्याचा परिणाम थेट टरफलावर होतो. तेव्हा सावली, गार पाणी, आणि खाद्य सकाळी लवकर व संध्याकाळी द्या.

मी पशुवैद्य नाही, परसातल्या अनुभवावरून बोलतेय. तुमच्या सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम कमी झाली असतील, टरफलं सुरकुतलेली किंवा वेडीवाकडी येत असतील, सोबत शिंका किंवा नाकातून पाणी असेल, तर हे वरचं सगळं बाजूला ठेवा. तो आजार असू शकतो. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस कधी दिली ते आठवून पशुवैद्याला गाठा, आणि खाद्याच्या पोत्याचं लेबल व एक अंडं सोबत न्या. त्यांनी विचारलं नाही तरी दाखवा.